तुंकी पाहायचा असेल, तर आधी लाल रंग शोधू नका

पेरूमधील मानू रस्त्यावर तुम्ही पहाटे अंधारात उठून तुंकी या लाल-नारिंगी पक्ष्याच्या आखाड्यावर, म्हणजे नर जमून नाचतात त्या जागी गेलात, चोहोबाजूंनी त्याचे ओरडणे ऐकलेत, फांद्या हलताना पाहिल्यात आणि तरीही एकही नर तुम्हाला धड दिसला नाही. चांगले उजाडल्यावर जे दिसले ते पानांआड निघून जाणारे दोन नारिंगी ठिपके. आता इक्वाडोरमधील मिंदोला जाण्याचा तुमचा बेत आहे आणि या वेळी काय वेगळे करावे, असे तुम्ही विचारले आहे. तुमच्या वर्णनावरून जागा चुकली नव्हती आणि वेळही फारशी चुकली नव्हती. चूक झाली ती डोळ्यांनी काय शोधायचे यात, आणि पहिल्या खेपेला ती जवळजवळ प्रत्येकाची होते. अँडीजच्या मेघवनांत, म्हणजे धुक्यात राहणाऱ्या डोंगरी जंगलांत, लोकांना पक्षी दाखवण्याचे काम मी अनेक वर्षे करतो आहे. माझीही पहिली पहाट अशीच गेली होती, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी नावाविषयी. इंग्रजीत ज्याला अँडियन कॉक-ऑफ-द-रॉक म्हणतात, त्याला स्पॅनिशमध्ये ‘गायितो दे लास रोकास’, म्हणजे खडकांतला छोटा कोंबडा, आणि केचुआ भाषेत ‘तुंकी’ म्हणतात. मी पुढे तुंकी हेच नाव वापरतो. कोंबड्याशी त्याचे काही नाते नाही. तो कोटिंगा कुळातील फळे खाणारा पक्षी आहे. शास्त्रीय नावातील ‘रुपिकोला’ या लॅटिन शब्दाचा अर्थ खडकात राहणारा असा आहे, आणि हे नाव खरे पाहता मादीने मिळवून दिलेले आहे, कारण ओढ्याकाठच्या कड्यांवर आणि कपारींत चिखलाचे घरटे चिकटवते ती मादी. नर घरट्याकडे फिरकतही नाही. तुंकी हा पेरूचा राष्ट्रीय पक्षी आहे, पण व्हेनेझुएलापासून कोलंबिया, इक्वाडोर, पेरू आणि बोलिव्हियापर्यंत, साधारण ५०० ते २४०० मीटर उंचीच्या पट्ट्यातील दमट डोंगरउतारांवर तो आढळतो. लांबी सुमारे ३० सेंटीमीटर, म्हणजे पक्षी मुळीच लहान नाही. तो दिसत नाही याचे कारण आकारात नाही, प्रकाशात आहे.

नर जिथे जमून नाचतात त्या जागेला पक्षिशास्त्रात जो शब्द आहे त्याचा उच्चार ‘लेक’ असा होतो. मराठीत त्या शब्दाने मुलगी डोळ्यांसमोर येत असल्यामुळे मी ‘आखाडा’ म्हणतो, आणि तो शब्द इथे शोभतोही, कारण नर समोरासमोर उभे राहून एकमेकांना आव्हान देत असतात. आखाड्याची जागा सहसा बदलत नाही. एखाद्या घळीच्या उतारावरील त्याच काही झाडांवर, त्याच आडव्या फांद्यांवर आणि लोंबत्या वेलींवर नर वर्षानुवर्षे येत राहतात, दिवसातून दोनदा, पहाटे आणि दुपार कलल्यावर. म्हणूनच जंगलात हिंडून तुंकी शोधण्यात अर्थ नाही. दिवसा तो एकेकटा, उंच फळझाडांवर आणि बहुधा गप्प असतो. मेघवनातील शेवाळ, नेचे आणि बांडगुळांच्या गर्दीत त्याचा एवढा भडक रंगही हरवतो. आखाडा ठाऊक असेल तर मात्र तुम्ही त्याच्याकडे जायचे नाही, तोच तुमच्याकडे येणार आहे.

आता मुख्य मुद्दा. पहाटेच्या अंधुक प्रकाशात लाल रंग लाल दिसत नाही, काळा दिसतो. भरपूर उजेडात आपण डोळ्यांतील शंकुपेशींच्या आधारे पाहतो आणि त्या पेशी रंग ओळखतात. उजेड फार कमी झाला की पाहण्याचे काम दंडपेशींकडे जाते, आणि दंडपेशी लाल प्रकाशाला जवळजवळ दाद देत नाहीत. चेक शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे नोंदवले होते की, दिवसा झगझगीत दिसणारी लाल फुले झुंजूमुंजू होताना आजूबाजूच्या हिरव्या पानांहूनही काळी भासतात. तुंकीच्या बाबतीत नेमके हेच घडते. तुम्ही लाल किंवा नारिंगी ठिपका शोधत काळोखात टक लावून बसता, आणि तो पक्षी त्या वेळी तुमच्या डोळ्यांपुरता एक काळा गोळा असतो, काळ्या पानांसमोर बसलेला.

मग काय शोधायचे? नराचे पंख आणि शेपूट काळे असतात, परंतु पंख मिटल्यावर पाठीच्या मागच्या भागावर जी रुंद पिसे येतात ती फिकट राखाडी, जवळजवळ मोत्याच्या रंगाची असतात. पहाटे सर्वांत आधी दिसते ते हेच. पहिल्यांदा मला ते ओळखू आले तेव्हा मी त्याला पांढरट शेवाळाचा तुकडाच समजत होतो. फांदीवर तळहाताहून लहान असा एक फिकट डाग होता, आणि तो अचानक खाली झुकला, पुन्हा वर आला, पुन्हा झुकला. पक्षी नमत होता आणि माझ्या डोळ्यांना फक्त त्याची पाठ दिसत होती. नंतरच्या सात-आठ मिनिटांत त्या डागाभोवतीचा काळोख आधी तपकिरी झाला, मग विटकरी झाला, आणि मग एखाद्याने आतून दिवा लावावा तसा लाल पेटला. तो क्षण मी आजवर कितीतरी वेळा पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी माझा श्वास थांबतो. ज्याने पक्षी आधीच हेरून ठेवला आहे त्यालाच तो पाहायला मिळतो, कारण रंग उमटायला लागल्यावर शोधाशोध सुरू केली, तर रंग भरात येईपर्यंत आखाडा मोडण्याची वेळ होते.

तेव्हा मिंदोला अंधारात बसल्यावर तीन-चार मीटर खाली-वर अशी नजर फिरवत न राहता आधी कानांनी दिशा पकडा आणि त्या दिशेच्या आडव्या, उघड्या फांद्या शोधा. तुंकी शेंड्यावर नाचत नाही. झाडाच्या मधल्या थरात, जिथे त्याला समोरचा नर दिसेल आणि पंख फडफडवायला जागा मिळेल, अशी बैठक त्याला लागते. उतारावरच्या आखाड्यात ही बैठक बहुधा तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा किंचित खालीच येते, आणि नवखा माणूस सवयीने वर पाहत राहतो. अंधारात एखाद्या वस्तूकडे थेट न पाहता किंचित बाजूला पाहिले की ती अधिक स्पष्ट दिसते, कारण डोळ्याच्या मध्यभागी दंडपेशी नसतात. ही युक्ती आकाशनिरीक्षकांना ठाऊक असते आणि इथेही ती तितकीच उपयोगी पडते.

दुर्बिणीबद्दल तुम्ही लिहिले आहे की तुमच्याजवळ १०×२५ ची आहे. प्रवासात ती सोयीची, पण या कामाला अपुरी आहे. दुर्बिणीच्या भिंगाच्या व्यासाला (दुसरा आकडा, मिलिमीटरमध्ये) तिच्या वर्धनाने (पहिला आकडा) भागले की डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. १०×२५ मध्ये ती अडीच मिलिमीटर भरते, तर ८×४२ मध्ये सव्वापाच मिलिमीटर. अंधारात आपली बाहुली पाच ते सात मिलिमीटरपर्यंत उघडते, म्हणजे लहान दुर्बीण लावताच तुम्ही उघड्या डोळ्याला मिळत असलेला प्रकाशही स्वतःच कापून टाकता. ८×४२ उसनी मिळाली तरी घेऊन जा. आठपट वर्धन इथे पुरेसे आहे, कारण पक्षी बहुधा वीस-तीस मीटरांच्या आतच असतो, आणि वर्धन कमी असल्याने दृश्याची रुंदीही जास्त मिळते.

आवाजाविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण आखाडा वाचायचा तो कानांनी. एवढ्या देखण्या पक्ष्याचा गळा मुळीच गोड नाही. नर नाकातून काढल्यासारखे कर्कश ओरडतात, मध्येच डुकराप्रमाणे गुरगुरतात आणि चोच आपटून टकटक असा कोरडा आवाज काढतात. सुरुवातीला एखादाच नर अधूनमधून ओरडतो. मग दुसरा उत्तर देतो आणि बहुधा दोघे जोडीने समोरासमोरच्या फांद्यांवर येऊन नमणे, उड्या मारणे, पंख झाडणे सुरू करतात. असे दोन-तीन सामने एकाच वेळी चालू असले, तर सबंध घळ दणाणून जाते. डोक्यावरचा अर्धगोल तुरा चोचीवरून पुढे आलेला असल्यामुळे चोच जवळजवळ झाकलेलीच असते, त्यामुळे समोरून पाहताना पक्षी कोणत्या बाजूला तोंड करून आहे, हेच क्षणभर कळत नाही. अशा वेळी डोळा शोधावा, म्हणजे सगळा पक्षी समजतो.

मधूनमधून शांतता पसरते. या शांततेत लोक आखाडा संपला असे समजून उठतात, आणि माझ्या मते तुमच्या पहिल्या खेपेला हेही झाले असावे. पाच-दहा मिनिटांची शांतता ही नेहमीची गोष्ट आहे. त्यानंतर कधीकधी सगळे नर एकदम, कोणतेही कारण न दिसता, पूर्वीच्या दुप्पट जोराने ओरडू लागतात. त्या क्षणी नरांकडे पाहू नका. मादी आलेली असते. ती गडद तपकिरी, किंचित तांबूस, लहान तुऱ्याची, आणि पूर्ण मूक असते; आखाड्याच्या कडेला एखाद्या वेलीवर येऊन ती नुसती बसते. मी सोबतच्या लोकांना नेहमी सांगतो की, तुम्ही पन्नास नर पाहिलेत आणि एकही मादी पाहिली नाहीत, तर तुम्ही नाच पाहिला, पण तो कशासाठी चालला होता हे पाहायचे राहिले.

मादी नर कसा निवडते, याविषयी चांगला अभ्यास झाला आहे तो तुंकीच्या सख्ख्या भावंडावर, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या ईशान्येकडील गियाना प्रदेशातील नारिंगी कॉक-ऑफ-द-रॉकवर. पेपर ट्रेल या पक्षिशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात सुरिनाममधील एका मोठ्या आखाड्याचा अभ्यास केला. तिथे बहुसंख्य मिलने थोड्याच नरांच्या वाट्याला येत होती, आणि काही नर शेजाऱ्याकडे आलेल्या मादीच्या वेळी मध्ये घुसून मिलन उधळून लावत होते. त्या जातीचे नर जमिनीवर आपापले अंगण झाडून तिथे उतरतात आणि पिसे पसरून स्तब्ध बसतात. तुंकी मात्र झाडावरच राहतो आणि त्याचा सगळा भर हालचालीवर असतो. त्यामुळे गियानाच्या पक्ष्यांची छायाचित्रे पाहून अँडीजमध्ये जमिनीकडे डोळे लावून बसू नका. जॉन एंडलर आणि मार्क तेरी या जीवशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही हीच गियानाची जात होती. नाचाची जागा, वेळ आणि जंगलातील प्रकाशाचा रंग यांचा मेळ असा असतो की, नाचताना नराचा रंग पार्श्वभूमीपासून जास्तीत जास्त वेगळा उठून दिसावा, असे त्यात आढळले. प्रकाशाच्या बाबतीत हे पक्षी आपल्यापेक्षा कितीतरी काटेकोर आहेत. त्यांची वेळ ती आपली वेळ, असे धरून चालावे.

मिंदो जवळजवळ विषुववृत्तावरच असल्यामुळे तिथे वर्षभर सूर्य साधारण सहा ते साडेसहाच्या दरम्यान उगवतो, आणि पहाटेचा संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो. सूर्योदयाच्या आधी किमान चाळीस मिनिटे तुम्ही जागेवर बसलेले असले पाहिजे. वाटेवर असणे मी धरत नाही. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि त्या वेळात कोणी मोबाइलचा पडदा उजळला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. पेरूमधील मानूचे गणित वेगळे आहे. ते सुमारे १३ अंश दक्षिणेला असल्याने नोव्हेंबर आणि जुलै यांच्या सूर्योदयात जवळजवळ तासाचा फरक पडतो, त्यामुळे कुणाच्या तरी जुन्या प्रवासवर्णनातील वेळ तिथे आंधळेपणाने वापरता येत नाही.

स्थळांपैकी मिंदोची निवड चांगली आहे. क्विटोपासून वायव्येला सुमारे दोन तासांच्या अंतरावरील या परिसरात ‘पास दे लास आवेस’ नावाचे राखीव रान आहे. आंखेल पास या शेतकऱ्याला आपल्या जमिनीवर तुंकीचा आखाडा सापडला आणि तो लोकांना दाखवता दाखवता जायंट अँटपिट्टा हा अतिशय लाजाळू पक्षी गांडुळांच्या आमिषाने समोर आणण्याची किमया त्यांना साधली. त्यांनी ‘मारिया’ असे नाव दिलेली अँटपिट्टा पक्षिनिरीक्षकांत जगभर प्रसिद्ध झाली. इथले तुंकी पश्चिम उतारावरच्या उपजातीचे, रक्तासारखे लाल आहेत, तर मानूकडे तुम्ही पाहिलेले नारिंगीकडे झुकणारे होते. एकाच जातीतील हा फरक प्रत्यक्ष पाहणे हा मोठा आनंद आहे. पुढे कधी कोलंबियाला जाणे झाले, तर आंतिओकिया प्रांतातील खार्दिन या गावाला अवश्य जा. तिथला आखाडा गावाच्या कडेलाच, चौकातून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे आणि तो दुपारनंतर पाहतात, त्यामुळे पहाटेच्या काळोखाचा प्रश्न उलटा होतो. पक्षी आधी पूर्ण लाल दिसतात आणि संध्याकाळ होत जाते तशी एकेकाची झळाळी विझत जाऊन शेवटी फक्त पाठीवरचे राखाडी डाग उरतात. माचू पिचूच्या पायथ्याच्या आग्वास कालियेंतेस गावाजवळही उरुबांबा नदीच्या काठाने तुंकी उडत जाताना दिसतो, पण ते दर्शन नशिबाचे.

छायाचित्र काढण्याबद्दल तुम्ही शेवटी विचारले आहे. फ्लॅश मुळीच नको. तिपाई, भिंगाचे शक्य तेवढे मोठे छिद्र (अपर्चर) आणि ३२०० ते ६४०० आयएसओ ही तयारी ठेवा, आणि नमण्याच्या दोन हालचालींच्या मध्ये पक्षी क्षणभर थांबतो तेव्हा सेकंदाच्या साठाव्या भागानेही स्वच्छ चित्र मिळते. एक गोष्ट मात्र कटाक्षाने सांभाळा. या पक्ष्याचा लाल रंग इतका शुद्ध असतो की कॅमेऱ्याचा लाल घटक बाकीच्या दोन घटकांच्या खूप आधी भरून वाहतो. एकूण हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातील उजेडाचा कॅमेऱ्यावर दिसणारा आलेख, ठीक दिसत असतानाही तुऱ्यातील पिसांची सगळी रेघ पुसली जाऊन सपाट लाल रंगाचा डाग उरतो. म्हणून तीन रंगांचे वेगवेगळे हिस्टोग्राम पाहा आणि उद्भासन (एक्स्पोजर) थोडे कमीच ठेवा. शटर आवाज न करणारे असावे.

वागणुकीबद्दल मी आग्रही आहे. मागे एका आखाड्यावर एका गटाने प्रखर टॉर्च थेट फांद्यांवर फिरवला. नर गप्प झाले आणि त्या सकाळी पुन्हा आले नाहीत. शिकारी पक्षी अशा गजबजलेल्या जागांवर टपून असतात, त्यामुळे नर मुळातच सावध असतात, आणि एक उडाला की सगळे उडतात. वाटेपुरता मंद लाल दिवा तुमच्या डोळ्यांसाठी चांगला, कारण दंडपेशींना तो जाणवत नाही, परंतु पक्ष्यांना लाल रंग उत्तम दिसतो, तेव्हा तो पायांखालीच ठेवावा. आवाजाची ध्वनिमुद्रिका वाजवून नरांना चिथावू नका. आखाड्यावरचे प्रत्येक ओरडणे कुणाला तरी उद्देशून असते आणि आपण खोटा प्रतिस्पर्धी उभा केला, तर नराची मेहनत भलत्याच ठिकाणी खर्च होते. घरट्यांच्या बाबतीत तर माझा नियम साधा आहे. कपारीत चिखलाची वाटी आणि त्यावर बसलेली मादी दिसली, तर दुर्बिणीतून एकदा पाहून मागे फिरायचे. दोन अंडी, जवळपास चार आठवड्यांचे उबवणे आणि नंतरचे संगोपन हे सगळे ती एकटीच करते, आणि आपल्या दहा मिनिटांच्या कुतूहलापायी ती उठली तर तिच्या जागी बसायला दुसरे कोणीही नसते.

मिंदोला एकच पहाट ठेवू नका, निदान दोन ठेवा. मेघवनात धुके कधी दहा मीटरांवर उतरेल याचा नेम नसतो, आणि अशा सकाळी आखाडा पूर्ण भरात चालू असूनही केवळ ऐकून परतावे लागते. अनेक ठिकाणी वाटाडे उजाडल्यानंतर अर्ध्या तासात पुढच्या पक्ष्यासाठी निघण्याची घाई करतात, कारण गटातील बहुतेकांचे एव्हाना समाधान झालेले असते. आदल्या संध्याकाळीच त्यांना नम्रपणे सांगून ठेवा की, तुम्हाला शेवटचा नर जाईपर्यंत बसायचे आहे. पहिल्या पहाटे कॅमेरा खोलीतच राहू द्या. नुसते बसा, राखाडी डाग मोजा, कोणता नर कोणत्या फांदीवर परत येतो ते मनात टिपून ठेवा. दुसऱ्या पहाटे तिपाई कुठे उभी करायची, हे तुम्हाला कुणाला विचारावे लागणार नाही.